बाप्तिस्म्याची किंमत कोणी मोजली?

1849 च्या सुमारास मुंबईत परमहंस सभा नावाची एक गुप्त मंडळी सुरू झाली. दादोबा पांडुरंग, राम बाळकृष्ण जयकर अशी शिकलीसवरलेली माणसे तिच्यात होती. देव एकच मानायचा आणि जातिभेद मोडायचा, ही त्यांची तत्त्वे. नव्या सभासदाने ख्रिस्ती माणसाने भाजलेल्या पावाचा तुकडा खायचा आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यायचे, अशी प्रवेशाची रीत होती. हे सारे दार लावून चाले. दहाएक वर्षे सभा टिकली. मग 1860 च्या आसपास सभासदांच्या नावांचे कागद चोरीला गेल्याची बातमी पसरली आणि सभा विरून गेली. नावे फुटली तर आपले काय होईल, हे प्रत्येकाला ठाऊक होते.

याच सभेत बसणारे बेळगावचे बाबा पदमनजी 1854 साली बाप्तिस्मा घेऊन उघड ख्रिस्ती झाले. विचारांनी सभेतले इतर जण त्यांच्यापासून फार लांब नव्हते. जातीची बंधने त्यांनीही मनातून सोडली होती. पण त्यांची घरे, नोकऱ्या आणि पंगतीतली पाने शाबूत राहिली. बाबा पदमनजींचे घर मोडले. मराठी मुलखातल्या ख्रिस्ती श्रद्धेच्या गेल्या दोनशे वर्षांकडे पाहताना मला हा फरक सगळ्यांत बोलका वाटतो. आपल्याकडे मनात काय चालले आहे याची झडती सहसा कुणी घेतली नाही. झडती झाली ती पाण्याची, पंगतीची, लग्नाची, वारशाची आणि अलीकडे जातीच्या दाखल्याची.

या इतिहासाबद्दल आपल्याकडे दोन सोपी मते रूढ आहेत. एक म्हणते, धर्मांतर म्हणजे आमिष. साहेबाच्या धर्मात जाणाऱ्याला नोकरी, शाळा, बंगला मिळाला, त्याने गमावले काय? दुसरे मत चर्चच्या चरित्रग्रंथांतले: धीराच्या माणसाने सर्वस्व सोडले, छळ सोसला, प्रभूने त्याला सांभाळले. दोन्ही मतांत सगळे लक्ष निर्णय घेणाऱ्या माणसावर राहते. जुनी आत्मचरित्रे, खटले आणि कायदे एकत्र ठेवून वाचले की वेगळेच चित्र समोर येते. किंमत खरी होती आणि जबर होती, पण तिचा मोठा वाटा ज्यांनी निर्णय घेतलाच नव्हता त्यांनी भरला. बायकांनी, धाकट्या भावांनी, मुलांनी. पुढे तर न जन्मलेल्या पिढ्यांनी.

मुंबईतली पहिली गाजलेली धर्मांतरे 1839 ची. स्कॉटिश मिशनच्या जॉन विल्सन यांच्या शाळेतले धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी हे दोन पारशी तरुण त्या वर्षी मे महिन्यात ख्रिस्ती झाले. पारशी समाज हादरला. धनजीभाईंना परत मिळवण्यासाठी प्रकरण कोर्टात गेले. मुलगा समजत्या वयाचा आहे, त्याला हवे तिथे तो राहील, असा निकाल झाला. पारशी पालकांनी आपली मुले विल्सन यांच्या शाळेतून काढून घेतली. धनजीभाई पुढे पाद्री झाले, दीर्घायुषी ठरले, 1908 साली वारले. पण त्या मे महिन्यात तुटलेली नाती तुटलेलीच राहिली.

चार वर्षांनी, 1843 साली, याहून अवघड प्रकरण उभे राहिले. नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत अकरा-बारा वर्षांचा होता. तोही मिशनऱ्यांच्या घरी राहत होता आणि त्यांच्याबरोबर जेवत होता. वडिलांनी दाद मागितली. मूल अज्ञान आहे म्हणून कोर्टाने त्याला बापाच्या ताब्यात दिले. कायद्याच्या दृष्टीने गोष्ट तिथे संपली, पण श्रीपतची खरी अडचण तिथून सुरू झाली. ख्रिस्त्यांच्या घरचे अन्न पोटात गेलेल्या मुलाला ब्राह्मणांनी परत घ्यायचे की नाही? बाळशास्त्री जांभेकर त्याच्या बाजूने उभे राहिले. प्रायश्चित्त देऊन मुलाला जातीत घ्यावे, असे त्यांचे म्हणणे. मुंबईच्या ब्राह्मणांत तट पडले, वाद पेटला आणि जांभेकरांसारख्या मान्यवर पंडितालाही स्वजातीचा रोष सोसावा लागला. श्रीपतला बाप्तिस्मा मिळाला नाही आणि आधीचे निर्धास्त ब्राह्मणपणही उरले नाही. ज्याच्यामुळे हे घडले त्या थोरल्या भावाला एक दिशा होती, ध्येय होते. नारायण शेषाद्रींनी पुढे जालन्याजवळ मांग समाजात मोठे काम केले, निजामाच्या राज्यात जमीन मिळवून बेथेल ही वस्ती वसवली. चर्चच्या इतिहासात त्यांचे नाव आदराने येते. श्रीपत तिथे तळटीपेपुरता उरतो. माझ्या मते या साऱ्या विषयाचा मध्य त्या मुलापाशी आहे.

सरकारला हे प्रश्न टाळता येईनात. 1850 च्या एकविसाव्या कायद्याने धर्म सोडल्यामुळे किंवा जातीबाहेर पडल्यामुळे वारसाहक्क बुडणार नाही, असे ठरवले. कागदोपत्री हा मोठा दिलासा होता. प्रत्यक्षात एकत्र कुटुंबाच्या वाड्यात जाऊन, ज्या भावाने आपले ताट वेगळे केले त्याच्याकडून वाटणी वसूल करणे किती जणांना जमले असेल? बायकोचा प्रश्न तर आणखी बिकट. नवरा ख्रिस्ती झाला की सासरे मुलीला घेऊन जात. ती विधवा नव्हे, पण सवाशीण असूनही नांदती नव्हे. धर्माने तिला दुसरे लग्न करता येत नसे आणि ख्रिस्ती नवऱ्यालाही पहिली बायको हयात असताना दुसरी करता येत नसे. म्हणून 1866 साली एतद्देशीय धर्मांतरितांच्या विवाहविच्छेदाचा कायदा आला. जोडीदार केवळ धर्मांतराच्या कारणाने नांदायला तयार नसेल, तर ठरलेली मुदत थांबून आणि न्यायाधीशापुढे तिची इच्छा विचारून लग्न मोडता येई. कायद्याने पुरुषाची कोंडी फोडली. स्त्रीलाही तो पुनर्विवाहाची मोकळीक देत होता, पण ज्या समाजात ती परत गेली होती तिथे त्या मोकळिकीचा उपयोग शून्य.

या बायकांचे म्हणणे आपल्याला फारसे ऐकू येत नाही. बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ हे मराठीतले एक महत्त्वाचे आत्मचरित्र. मनाची उलघाल, वडिलांचे दुःख, सत्याचा शोध, सगळे त्यात आहे. जी पत्नी त्यांच्याबरोबर आली नाही तिचे मन मात्र त्यात तिच्या शब्दांत नाही, असू शकतही नव्हते. हेच बाबा पदमनजी 1857 च्या ‘यमुनापर्यटन’मध्ये हिंदू विधवांच्या हालांवर कळवळून लिहितात, हेही लक्षात ठेवले पाहिजे. त्यांच्या कळवळ्याच्या खरेपणाबद्दल मला शंका नाही. पण दूरच्या स्त्रीचे दुःख लिहिणे माणसाला जमते, स्वतःच्या निर्णयाने जिचे आयुष्य उलटेपालटे झाले तिचे लिहिणे फार कठीण जाते.

ही उणीव एका पुस्तकाने भरून काढली. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ने. 1934 पासून ते भागाभागाने प्रसिद्ध झाले. पुस्तकातला विनोद इतका प्रसन्न आहे की त्याखालची जखम बरेच वाचक विसरतात. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांना 1893 च्या सुमारास रेल्वेच्या प्रवासात एका युरोपियन प्रवाशाने नवा करार दिला. तिथून सुरू झालेला शोध 10 फेब्रुवारी 1895 रोजी बाप्तिस्म्यापर्यंत पोचला. बायकोला त्यांनी आधी विश्वासात घेतले नव्हते. बातमी आली तेव्हा लक्ष्मीबाई सत्तावीस वर्षांच्या आतल्या, पदरात लहान दत्तू. सोवळ्याओवळ्याचा अतिरेक करणाऱ्या वडिलांच्या घरात त्या वाढलेल्या. त्यांच्या दृष्टीने नवरा जिवंत असून गेला. लोकांच्या दृष्टीने त्या ना धड सवाशीण, ना धड विधवा. कुठल्याही समारंभात अशा बाईला कुठे बसवायचे हे कुणालाच कळत नसे. बहिणीच्या घराने त्यांना सावरले म्हणून त्या तगल्या. सुमारे पाच वर्षे ही ताटातूट चालली. दोघे एकमेकांना पत्रे लिहीत, कविता करीत, भांडत, रडत. मग त्या नवऱ्याजवळ राहायला गेल्या, तरी चूल वेगळी आणि पाणी वेगळे. 1900 साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला.

तो त्यांनी नवऱ्यामागून फरपटत जाऊन घेतला नाही, हे पुस्तक नीट वाचणाऱ्याला पटते. आधी त्यांच्या मनातली जात गळून पडली. माणसाने माणसाच्या हातचे पाणी पिऊ नये हे देवाने सांगितलेले नाही, असे त्यांना आतून वाटले आणि त्या कुणाच्याही हातचे पिऊ-खाऊ लागल्या. श्रद्धा त्यानंतर आली. टिळकांना जे पुस्तकांतून आणि वादांतून सापडले, ते त्यांना घागरीतून सापडले, आणि ते सापडेपर्यंतच्या पाच वर्षांची यातना त्यांनी एकटीने भोगली. टिळकांवर त्यांचे अपार प्रेम होते. म्हणूनच त्यांनी नवऱ्याचा निष्काळजीपणा लपवला नाही. आपल्या साहित्यात श्रद्धेची किंमत इतक्या खरेपणाने दुसऱ्या कुणी मांडल्याचे मला आठवत नाही.

टिळकांची स्वतःची किंमत चुकती व्हायची होती, आणि तिचा शेवटचा भाग मिशनच्या दारात चुकता झाला. ख्रिस्ती मंडळीला त्यांनी शेकडो मराठी भजने दिली, ती आजही चर्चमध्ये म्हटली जातात. पण गोऱ्या मिशनऱ्यांच्या हाताखालची, पगारावर चालणारी मंडळी त्यांना सलत राहिली. भारतीय माणसाने ख्रिस्ताकडे संतांच्या वाटेने जावे, असे त्यांचे म्हणणे. 1917 साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि बाप्तिस्मा झालेल्या व न झालेल्या, दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांसाठी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. म्हातारपणी पुन्हा पगार नाही, छप्पर नाही. 9 मे 1919 रोजी ते गेले. अर्धवट राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुरे केले.

दोन्ही बाजूंनी किंमत मोजण्याचा हा अनुभव पंडिता रमाबाईंच्या वाट्याला आणखी तीव्रतेने आला. आईवडील दुष्काळात गेलेले, भाऊ गेला, नवरा बिपिनबिहारी मेधावी लग्नानंतर दोन वर्षांत गेला. एकुलत्या मुलीला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या आणि 29 सप्टेंबर 1883 रोजी वाँटेज इथे दोघींचा बाप्तिस्मा झाला. काल ज्यांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती म्हणून डोक्यावर घेतले होते त्यांनी आज त्यांना देशद्रोही ठरवले. जाहीरपणे त्यांची बाजू घेणारे थोडे. जोतीराव फुले त्यांपैकी एक. 1885 च्या ‘सत्सार’मध्ये त्यांनी रमाबाईंच्या टीकाकारांना उत्तर दिले. तिकडे इंग्लंडमध्ये वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी रमाबाईंचा पत्रव्यवहार म्हणजे जवळजवळ एक लढाईच. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नको? त्रैक्याचा सिद्धान्त मी तपासल्याशिवाय का मानू? मी मांस खाणार नाही, यात अहंकार कसला? चेल्टनहॅमला पुरुषांना शिकवण्याची गोष्ट निघाली तेव्हा बिशपांनी नाके मुरडली. हा पत्रव्यवहार अ. भि. शहा यांनी संपादित केला आणि 1977 साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. प्रत्येक मराठी वाचकाने तो एकदा वाचावा. परक्या देशात, परक्यांच्या अन्नावर राहणारी पंचविशीतली विधवा मी माझी बुद्धी कुणाच्या पायाशी ठेवणार नाही असे लिहिते, तेव्हा ती काय पणाला लावते आहे ते पत्रापत्रात दिसते.

पुण्यातले प्रकरण सर्वांना माहीत असते, पण त्यातला नेमका मुद्दा बाजूला पडतो. 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन निघाले, पुढच्या वर्षी ते पुण्याला आले. सदनात कुणावर धर्म लादायचा नाही, हे वचन होते. रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसे सल्लागार होती. रमाबाई आपल्या खोलीत मुलीबरोबर पहाटे प्रार्थना करीत, आणि दार उघडे ठेवीत. काही मुली येऊन बसू लागल्या. सल्लागारांचे म्हणणे, दार लावा. रमाबाईंचे म्हणणे, या मुलींना मी आईसारखी आहे, त्यांच्या तोंडावर दार कसे लावू? मुलींना त्यांच्या धर्माप्रमाणे वागायची मोकळीक आहे, तशी मलाही आहे. ‘केसरी’ने झोड उठवली, 1893 साली सल्लागारांनी अंग काढून घेतले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. सल्लागारांचीही एक बाजू होती. विधवांच्या शिक्षणाला आधीच विरोध करणाऱ्यांच्या हाती कोलीत पडले तर सगळे काम बुडेल, ही त्यांची भीती खोटी नव्हती. रमाबाईंचे वजन त्या मुलींवर पडत होते, हेही खरे. तरीही मी रमाबाईंच्या बाजूने आहे. स्वतःच्या खोलीत प्रार्थना करताना जिला कडी लावावी लागते, तिला मोकळीक आहे असे म्हणता येणार नाही. मात्र इथेही हिशेब पूर्ण मांडायला हवा. सदनातून परत नेलेल्या त्या बालविधवांपैकी बऱ्याच जणींच्या हातची पाटी तिथे सुटली असणार. भांडण रमाबाई आणि पुण्याच्या पुढाऱ्यांचे, शिक्षण गेले त्यांचे.

त्या काळी किती थोड्या गोष्टीवर किती मोठा गहजब होई, हे पंचहौद मिशनच्या चहाने दाखवून दिले. 1890 साली पुण्याच्या या मिशनमध्ये जमलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे छापून आणली आणि पुण्यात वादळ उठले. लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे, दोघांनाही प्रायश्चित्ताच्या कचाट्यात जावे लागले. धर्म सोडण्याचा विचारही ज्यांच्या मनात नव्हता त्यांची ही गत, तर उघडपणे प्रभुभोजनाला बसणाऱ्याचे काय होत असेल?

आतापर्यंत आलेली नावे बहुतेक उच्चवर्णीयांची, कारण लिहिले त्यांनी. मराठी ख्रिस्ती समाजाची संख्या मात्र अहमदनगर, जालना, औरंगाबाद, सोलापूर या भागांतल्या महार-मांग वस्त्यांतून आली. अमेरिकन मराठी मिशनने 1831 पासून नगरला काम सुरू केले. 1876-77 आणि 1896 ते 1900 च्या दुष्काळांत बाप्तिस्म्यांची संख्या वाढली आणि हे पोटार्थी ख्रिस्ती, असा शिक्का कायमचा बसला. भुकेने माणसे आली, यात लपवण्यासारखे काही नाही. उपाशी माणसाने जिथे अन्न आणि माणुसकी मिळाली तिथे देव पाहिला, याला मी कमी प्रतीची श्रद्धा म्हणणार नाही. आणि यांना काही गमवावे लागले नाही, हे तर साफ चूक. गावगाड्यात महाराला बलुते मिळे ते त्याच्या कामाबद्दल, आणि त्या कामात गावदेवीच्या जत्रेतली, सणावाराची कामेही आली. मेलेले ढोर ओढणार नाही, जत्रेत वाजवणार नाही, असे म्हटले की खळ्यावरचा वाटा बंद. पाटलाचा राग वेगळा आणि भावकीचा वेगळा, कारण एकाने काम सोडले तर त्याचा भार उरलेल्यांवर पडे. ब्राह्मण धर्मांतरिताला निदान मिशनच्या शाळेत मास्तरकी मिळे. मांगवाड्यातल्या ख्रिस्त्याला त्याच गावात, त्याच विहिरीपासून लांब, त्याच लोकांत राहायचे होते. चर्चमध्येही जात पाठ सोडत नसे. रविवारी एकत्र गाणारी माणसे सोयरीक जुळवताना जुनीच पोटजात विचारीत. या वर्गाची ‘स्मृतिचित्रे’ लिहिली गेली नाहीत. त्यांचे जगणे आपल्याला मिशनच्या इंग्रजी अहवालांतून, म्हणजे देणगीदारांसाठी लिहिलेल्या कागदांतून, वेचून काढावे लागते.

गोवा आणि वसईची गोष्ट निराळी, कारण तिथे राज्यच चर्चच्या पाठीशी होते. पोर्तुगीज गोव्यात सोळाव्या शतकात देवळे पाडली गेली, अनाथ हिंदू मुलांना ताब्यात घेऊन ख्रिस्ती करण्याचे हुकूम निघाले. उघडपणे हिंदू राहण्याची किंमत तिथे माणसांनी मोजली, गाव सोडून, देव खाडीपलीकडे नेऊन. हे सांगितल्याशिवाय हा आढावा प्रामाणिक होणार नाही. 1560 ते 1812 पर्यंत, मधली काही वर्षे सोडता, चाललेल्या इन्क्विझिशनचा, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचा, बडगा पुष्कळदा नवख्रिस्त्यांवरच पडला. 1736 च्या फर्मानाने तर अंगणातली तुळस, पेहराव, लग्नातली गाणी आणि हळद यांपर्यंत बंदी घातली. ख्रिस्ती झालेल्या माणसाने आपली आजी विसरली नाही म्हणून त्याला शिक्षा, हा प्रकार चर्चने केला.

वसईत ही राजवट 1739 साली चिमाजी अप्पांनी संपवली. तिथले ख्रिस्ती मराठीच राहिले. त्यांच्यातूनच फादर फ्रान्सिस दिब्रिटो आले. 1980 च्या दशकाच्या अखेरीस बिल्डर आणि गुंडगिरीपासून वसईची हिरवाई वाचवण्यासाठी हरित वसई संरक्षण समितीचे आंदोलन उभे राहिले. झगा घातलेला धर्मगुरू विहिरी, पाणी आणि जमिनींविषयी बोलत रस्त्यावर आला, धमक्या आल्या, तो मागे हटला नाही. 2020 च्या जानेवारीत उस्मानाबादला भरलेल्या 93 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. निवड जाहीर होताच फोनवरून धमक्या आणि विरोध सुरू झाला. आक्षेप त्यांच्या पुस्तकांवर नव्हता, एक पाद्री मराठी साहित्याच्या खुर्चीवर कसा, यावर होता. थॉमस स्टीफन्स यांनी 1616 साली ‘क्रिस्तपुराण’ ओवीत छापले, त्यानंतर चारशे वर्षांनी हा प्रश्न विचारला गेला. आजारी पाठीने, चाकाच्या खुर्चीतून ते उस्मानाबादला गेले आणि बोलले. 2024 साली ते वारले.

हिंसेच्या घटना मी थोडक्यात घेतो, कारण त्या सर्वांना माहीत आहेत. जानेवारी 1999 मध्ये ओडिशातल्या मनोहरपूरला मिशनरी ग्रॅहॅम स्टेन्स आणि त्यांची दहा व सहा वर्षांची मुले जाळली गेली. 2008 साली कंधमाळ पेटले, हजारो आदिवासी आणि दलित ख्रिस्ती जंगलात पळाले. भीमा-कोरेगाव प्रकरणातला स्टॅन स्वामी यांचा खटला धर्माबद्दल नव्हता, पण आदिवासींच्या बाजूने उभे राहणे हीच आपली ख्रिस्ती सेवा, असे मानणारा तो जेझुइट होता. पार्किन्सनने थरथरणाऱ्या हातांसाठी तळोजा तुरुंगात पेल्याची मागणी करावी लागलेला हा म्हातारा 5 जुलै 2021 रोजी मुंबईत, जामिनाची वाट पाहत वारला.

यापेक्षा शांतपणे चालणारी, रोजची किंमत कायद्यात दडली आहे. तिच्याबद्दल फार कमी बोलले जाते. हिंदू वारसा कायदा 1956 चे कलम 26 पाहा. धर्म बदलणाऱ्याचा स्वतःचा वारसा जात नाही. पण धर्मांतरानंतर जन्मलेली त्याची मुले हिंदू आजोबांच्या वारशाला, वारसा उघडण्याच्या वेळी ती हिंदू नसतील तर, अपात्र ठरतात. त्याच वर्षीच्या पालकत्वाच्या कायद्याने हिंदू न राहिलेली आई किंवा बाप नैसर्गिक पालक म्हणून वागण्याचा हक्क गमावतो. हिंदू न राहिलेल्या पत्नीचा वेगळे राहून पोटगी मागण्याचा, दत्तक व पोटगीच्या कायद्यातला हक्क जातो. 1850 च्या कायद्याने धर्मांतरिताला जे रक्षण दिले ते स्वतंत्र भारतानेही पुढच्या पिढीपर्यंत पोचू दिले नाही.

दलित ख्रिस्त्यांचा प्रश्न याहून मोठा. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशातील तिसऱ्या परिच्छेदानुसार हिंदूखेरीज इतर धर्म पाळणारा अनुसूचित जातीत धरला जात नाही. 1956 साली शिखांना आणि 1990 साली बौद्धांना त्यात घेतले गेले. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच. मद्रासच्या फुटपाथवर बसणाऱ्या सूसाई नावाच्या चांभाराला, तो ख्रिस्ती म्हणून, सरकारी योजनेतली टपरी नाकारली गेली. 1985 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की धर्मांतरानंतरही जातीची यातना तितकीच उरते याचा पुरावा पुढे आलेला नाही. 2007 साली रंगनाथ मिश्र आयोगाने धर्माची अट काढावी अशी शिफारस केली. 2022 साली के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुद्दुचेरीच्या एका महिलेला दाखला नाकारला: चर्चमध्ये जायचे आणि नोकरीसाठी हिंदू म्हणायचे, हे चालणार नाही. 2025 साली आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने एका पाद्र्याला जातिवाचक शिवीगाळीविरुद्ध ॲट्रॉसिटीच्या कायद्याचा आधार घेता येणार नाही, असे ठरवले. शिवी देणाऱ्याला त्याची जात आठवते, कायद्याला आठवत नाही.

महाराष्ट्रात अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांना इतर मागासवर्गात धरले जाते, पण ते संरक्षण तुटपुंजे आहे. म्हणून घरात ख्रिस्ती आणि शाळेच्या दाखल्यावर हिंदू, असे दुहेरी जगणे अनेक कुटुंबांनी पत्करले. त्यांना खोटे म्हणणे सोपे आहे. परमहंस सभेच्या सभासदांनी दार लावले ते पंगतीतले पान वाचवण्यासाठी. ही कुटुंबे दार लावतात ते मुलाची फी आणि नोकरी वाचवण्यासाठी. आपण पहिल्यांना सुधारक म्हणतो आणि दुसऱ्यांना फसवे, याचे मला वाईट वाटते.

गेल्या काही वर्षांत आणखी एक उलटापालट झाली आहे. पूर्वी श्रद्धा जाहीर करायची की नाही हे ज्याचा तो ठरवी. उत्तर प्रदेशच्या 2021 च्या कायद्याप्रमाणे धर्मांतराच्या साठ दिवस आधी जिल्हाधिकाऱ्याला कळवावे लागते, पोलिसांकरवी चौकशी होते आणि नंतरचे निवेदन सूचनाफलकावर लागते. ज्या नावांच्या यादीच्या भीतीने परमहंस सभा मोडली, ती यादी आता कचेरीच्या भिंतीवर लागते. फेब्रुवारी 2025 मध्ये महाराष्ट्र सरकारनेही अशा कायद्याचा विचार करण्यासाठी पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. आणि मेल्यावरही सुटका नाही. त्याच वर्षी जानेवारीत बस्तरमधल्या एका गावाने ख्रिस्ती पाद्र्याला गावात पुरू दिले नाही. मुलगा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, प्रेत वीसेक दिवस शवागारात पडून राहिले. दोन न्यायमूर्तींची मते वेगळी पडली, आणि शेवटी दफन वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या ख्रिस्ती दफनभूमीत करण्याचा आदेश झाला. आपल्या गडचिरोलीला लागूनच हा मुलूख आहे.

या सगळ्यात सरकारच्या हातात असलेल्या दोन गोष्टी ताबडतोब व्हायला हव्यात, असे मी ठामपणे म्हणतो. वारसा कायद्याचे कलम 26 रद्द व्हावे, कारण आजोबांच्या शेतातला वाटा नातवाच्या प्रार्थनेवर अवलंबून ठेवण्याला काही आधार नाही. आणि 1950 च्या आदेशातली धर्माची अट जावी. यावर दलित समाजातूनच एक आक्षेप येतो की मर्यादित जागांत नवे वाटेकरी आले तर आधीच्यांचे नुकसान होईल. तो आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर हिशेबाने दिले पाहिजे: जे नव्याने येतील त्यांच्या लोकसंख्येइतका कोटा वाढवावा, आणि ॲट्रॉसिटीच्या कायद्याचे संरक्षण तर कोट्याची वाट न पाहता आजच द्यावे, कारण त्यात कुणाचीही जागा कमी होत नाही.